गोल राखणारा लक्ष्मण



यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात जिजामाता किंवा अहिल्यादेवी असणार. या थोर स्त्रियांवर आपल्या स्मरणिकेत पूर्वी चांगले लेख येऊन गेले आहेत, आणि त्यांत भर घालावी एवढे माझे वाचन नाही. मी लिहिणार आहे ते एका पुरुषाविषयी, आणि तेही हॉकीच्या खेळाडूविषयी. महिला मंडळाच्या स्मरणिकेत हॉकी कुठून आली, असे कोणी म्हणेल. ती माझ्या घरात कशी आली ते आधी सांगते.

माझी धाकटी मुलगी आठवीत आहे आणि शाळेच्या हॉकी संघात गोलकीपर आहे. दिवाळीच्या अगोदर जिल्ह्याच्या सामन्यांत त्यांचा संघ एका गोलने हरला. ती घरी आली, दप्तर टाकले आणि मोरीत जाऊन रडत बसली. "आई, सगळ्या म्हणतात तुझ्यामुळे हरलो." मी विचारले, "तुमच्या मुलींनी किती गोल केले?" म्हणाली, "एकही नाही." "मग तू एकटीने कसा हरवलास सामना?" याला तिच्याजवळ उत्तर नव्हते, पण रडेही थांबले नाही. दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी गोलात उभी राहणार नाही. पुढे खेळू दिले तर खेळेन, नाहीतर हॉकी सोडते."

त्या दिवसांत माझे मोठे मामा आमच्याकडे मुक्कामाला होते. वय ऐंशीच्या पुढे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "अगं, आमच्या लक्ष्मणसाहेबांवरसुद्धा गोल झाला होता. रोमला. एकच."

कोण लक्ष्मणसाहेब, हे मला माहीत नव्हते. मुलीलाही नव्हते, आणि ती तर हॉकी खेळते! ध्यानचंदांचे नाव सर्वांना ठाऊक असते. गोल करणाऱ्यांची नावे राहतात. मामांनी सांगितले ते आणि त्यानंतर मी वाचनालयात व मुलाच्या मदतीने मोबाईलवर वाचले ते, असे मिळून पुढे देत आहे.

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ रोजी महू येथे झाला. महू हे इंदूरजवळचे लष्करी छावणीचे गाव. होळकरांशी १८१८ मध्ये तह झाल्यावर इंग्रजांनी ही छावणी वसवली. आपल्याला हे गाव माहीत असते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान म्हणून. बाबासाहेबांचे वडील लष्करात सुभेदार होते आणि तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. २००३ पासून त्या गावाला डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे. इंदूर, देवास, धार या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे तो मुलूख आपल्याला अगदीच परका नाही.

महूजवळ कोदरिया नावाचे खेडे आहे. लक्ष्मण तेथील मुलांच्या फुटबॉल संघाचे कप्तान होते. म्हणजे सुरुवात फुटबॉलने झाली, हॉकीने नाही. शाळा पुरी झाली नाही. १९४७ साली, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ते सैन्यात बँडवाला पोरगा म्हणून भरती झाले आणि मराठा पलटणीत आले. चौदा वर्षांचा मुलगा म्हणजे माझ्या धाकटीएवढाच! त्या वयात घर सोडून पलटणीत राहायचे, वाद्य शिकायचे, पहाटे कवायत करायची. हॉकीची काठी हातात आली ती सैन्यातच.

फुटबॉल खेळणाऱ्याला हॉकीच्या गोलात का उभे केले असेल, याचे मला प्रथम नवल वाटले. मामांनी ते समजावून सांगितले. हॉकीत इतर कोणाही खेळाडूच्या पायाला चेंडू लागला तर तो दोष धरतात. पायाने चेंडू अडवण्याची आणि लाथेने दूर मारण्याची मुभा एकट्या गोलकीपरला, तीही गोलासमोरच्या अर्धवर्तुळात असेपर्यंतच. तेव्हा ज्याचा पाय फुटबॉलवर तयार झालेला आहे, त्याला ही जागा अंगच्या सदऱ्यासारखी बसते. लक्ष्मण यांचे अडवणे मुख्यतः पायांवर होते. पुढे त्याच पायाची काय कथा झाली ते शेवटी येईलच.

ज्या भगिनींनी हॉकी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. गोल म्हणजे बारा फूट रुंद आणि सात फूट उंच अशी चौकट. जुन्या वाड्याचा दरवाजा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. त्या दारात एक माणूस. चेंडू क्रिकेटच्या चेंडूएवढाच, तितकाच कठीण आणि वजनालाही जवळपास तेवढाच. तो फळीवर खिळा मारल्यासारखा येतो. माझी मुलगी उभी राहते तेव्हा तिच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, तोंडावर जाळी असते, छातीला जाड गादी, पायांना फोमचे हे एवढे मोठे पॅड. तरी सामन्यानंतर अंगावर निळे डाग असतातच. लक्ष्मण यांच्या काळात शिरस्त्राण नव्हते. पायांना क्रिकेटसारखे पॅड, बुटांवर चामड्याची आवरणे, हातात मोजे आणि काठी. तोंड उघडे! त्यातून मैदान गवताचे. आजच्यासारखे सपाट, गालिच्यासारखे नव्हे. चेंडू एखाद्या ढेकळावर उडाला तर थेट कपाळावर.

आणि पेनल्टी कॉर्नर नावाचा प्रकार तर विचारूच नका. गोलाच्या रेषेवरून एकजण चेंडू बाहेर ढकलतो, अर्धवर्तुळाच्या कडेला दुसरा तो हाताने थांबवी (तेव्हा हाताने थांबवण्याची मुभा होती), आणि तिसरा सर्व जोर लावून गोलात हाणी. त्या वेळी गोलकीपरला विचार करायला डोळ्याची पापणी लवेपर्यंतचाच अवकाश असतो.

आपल्या देशाच्या हॉकीचा इतिहास १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकपासून सांगतात. तेथे हिंदुस्थानच्या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. ते २९ गोल करणारे ध्यानचंद व त्यांचे साथी प्रसिद्धच आहेत. एकही होऊ न देणारे रिचर्ड ॲलन मात्र आपल्या नागपुरात जन्मले होते, हे मला हा लेख लिहायला बसेपर्यंत कळले नव्हते. स्वातंत्र्यानंतरचे पहिले सुवर्णपदक १९४८ मध्ये लंडनला मिळाले. त्या संघात गोलकीपर म्हणून मुंबईचे लिओ पिंटो होते. त्यांचीही आठवण कितीजणांना आहे?

लक्ष्मण १९५५ च्या सुमारास सैन्यदलांच्या संघातून मोठ्या सामन्यांत खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कर्णधार बलबीरसिंग होते. त्या स्पर्धेत भारताने अफगाणिस्तानवर १४ आणि अमेरिकेवर १६ गोल केले. अशा सामन्यांत गोलकीपरने करायचे तरी काय? सारा खेळ पलीकडच्या टोकाला. याने आपल्या दारात नुसते उभे राहायचे, आणि तरी लक्ष ढळू द्यायचे नाही, कारण सत्तर मिनिटांत एकदा चेंडू आला तर तो त्याच एका वेळी अडवायला हवा. दूध उतू जाते ते आपण तासभर शेगडीपाशी उभ्या असताना नव्हे, पाठ वळवली की त्याच क्षणी. आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

उपांत्य सामन्यात जर्मनीवर १-० असा विजय मिळाला आणि अंतिम सामना पाकिस्तानशी पडला. या दोन संघांत चुरस का असे, हे वेगळे सांगायला नको. १९४७ पर्यंत सारे एकाच संघातून खेळत. अली दारा तर १९३६ मध्ये हिंदुस्थानकडून बर्लिनला खेळले आणि १९४८ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार म्हणून लंडनला आले. फाळणीत घरे, जमिनी, माणसे वाटली गेली तशी हॉकीही वाटली गेली. १९५६ मध्ये ते दोन्ही वाटे ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात प्रथमच समोरासमोर उभे राहिले.

तो सामना ६ डिसेंबर १९५६ रोजी झाला. कर्णधार बलबीरसिंग मोडलेल्या बोटाने खेळत होते. रणधीरसिंग जंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर गोल केला आणि पुढे तोच एक गोल राखायचा होता. गोलात तेवीस वर्षांचे लक्ष्मण होते. चेंडू आत गेला नाही. भारत १-० असा जिंकला आणि साऱ्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. केलेले ३८, झालेले शून्य.

ही तारीख वाचली आणि मी पुस्तक खाली ठेवले. ६ डिसेंबर १९५६ हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस! महूच्या छावणीत जन्मलेले ते महापुरुष दिल्लीत गेले, त्याच दिवशी महूचाच एक सैनिक मेलबर्नला देशाचे सुवर्णपदक राखत होता. महूच्या त्या दिवसाची कल्पना करून पाहते, तर एकीकडे रेडिओवरची विजयाची बातमी आणि दुसरीकडे घरोघर पेटलेली नाही अशी चूल, असे काहीसे दिसते. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन गोष्टी एका पानावर कधी येत नाहीत. तारीख मात्र एकच आहे.

१९५८ मध्ये टोकियोला आशियाई क्रीडास्पर्धेत हॉकी प्रथमच घेण्यात आली. तेथे भारत आणि पाकिस्तान यांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. पण पहिला नंबर गोलांच्या सरासरीवर ठरायचा होता, आणि तो पाकिस्तानला मिळाला. म्हणजे पाकिस्तानला एकही गोल करू दिला नाही, तरी पदक रुप्याचेच! गोलकीपरने याहून अधिक काय करायचे असते, ते मला कळत नाही.

आता रोम. भारताने १९२८ पासून १९५६ पर्यंत ओळीने सहा सुवर्णपदके मिळवली होती आणि ऑलिंपिकमध्ये एकही हॉकीचा सामना गमावला नव्हता. १९६० च्या रोम ऑलिंपिकला लेस्ली क्लॉडियस कर्णधार होते. उपांत्यपूर्व सामन्यात ऑस्ट्रेलियावर १-०, उपांत्य सामन्यात ब्रिटनवर १-०. हे दोन आकडे नीट पाहा. पुढच्या फळीला एकेकच गोल करता आला होता. ती सहज १४ आणि १६ गोल करणारी फळी राहिली नव्हती. संघ अंतिम सामन्यापर्यंत आला तो मागची बाजू भक्कम राहिली म्हणूनच. ९ सप्टेंबरला पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी सामना सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच गोल केला. तो एकच. उरलेल्या सगळ्या वेळात भारताला बरोबरीचा गोल करता आला नाही. बत्तीस वर्षांचे राज्य गेले.

साऱ्या स्पर्धेत भारतावर दोनच गोल झाले होते, एक हॉलंडचा आणि एक हा. तरी मामा सांगतात की पुढे कित्येक वर्षे पलटणीच्या बरॅकीत रोमचा विषय निघाला की कोणीतरी म्हणायचाच, "लक्ष्मणकडून कसा सुटला बुवा तो?" पुढच्या पाचजणांनी किती संधी घालवल्या, हे कोणी विचारत नसे. मुलीला हे ऐकवले तेव्हा ती प्रथमच मान वर करून बसली आणि म्हणाली, "मग त्यांनी सोडली का हॉकी?"

नाही सोडली. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा पाकिस्तानकडून हार झाली, ०-२. तरी नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला लक्ष्मण तिसऱ्यांदा गेले. चरणजितसिंग कर्णधार होते. सुरुवातीला संघ काही जोरात नव्हता. जर्मनी आणि स्पेन यांच्याशी १-१ अशी बरोबरी पत्करावी लागली. मग एकेक सामना जिंकत, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाला ३-१ असे हरवून पुन्हा अंतिम सामना, आणि समोर पुन्हा पाकिस्तान. सलग तिसऱ्या ऑलिंपिकमध्ये तेच दोन संघ, आणि भारताच्या गोलात तोच माणूस.

२३ ऑक्टोबर १९६४. पहिल्या अर्ध्या वेळात दोन्ही बाजूंना शून्य. दुसऱ्या अर्ध्यात पृथीपालसिंग यांनी पेनल्टी कॉर्नरवर मारलेला चेंडू पाकिस्तानच्या बचाव करणाऱ्या खेळाडूच्या पायाला लागून अडला, म्हणून पंचांनी पेनल्टी स्ट्रोक दिला आणि मोहिंदरलाल यांनी तो गोलात घातला. येथपर्यंतची हकीकत सर्व पुस्तकांत सापडते. त्यानंतर पाकिस्तानने जे हल्ले चढवले त्यांची हकीकत थोडक्यात आटोपलेली असते. पाकिस्तानला बरोबरी साधायची होती, आणि चार वर्षांपूर्वी मिळालेले पद हातचे जात होते. पेनल्टी कॉर्नरमागून पेनल्टी कॉर्नर. लक्ष्मण यांनी ते पायाने अडवले, काठीने अडवले, पुढे धावत जाऊन अंगावर घेतले. चेंडू आत गेला नाही. भारत १-०. गेलेले सुवर्णपदक परत आले.

मामा तेव्हा नुकतेच भरती झालेले, बेळगावला मराठा पलटणीच्या केंद्रात शिक्षण घेत होते. रात्री रेडिओवर निकाल ऐकला तेव्हा सारी बरॅक उठून उभी राहिली, असे ते सांगतात. "गोल मोहिंदरलालने केला होता, तो रेल्वेचा. पण आम्ही ओरडत होतो लक्ष्मणसाहेबांच्या नावाने. आपल्या पलटणीचा माणूस ना!" दुसऱ्या दिवशी जेवणात बुंदीचे लाडू होते, हेही त्यांना साठ वर्षांनंतर आठवते. नसीर बुंदा आणि बुंदीचे लाडू, यावर त्या वेळी पोरांनी काय काय विनोद केले ते मी येथे लिहीत नाही.

त्याच वर्षी लक्ष्मण यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी त्यांना कर्णधार नेमले. गोलकीपरला भारताच्या संघाचा कर्णधार करण्याची ती पहिलीच वेळ. मैदानाच्या मधोमध खेळणारा माणूस साऱ्यांवर नजर ठेवू शकतो, एका टोकाला उभा असलेला काय नेतृत्व करणार, असा तोपर्यंत समज होता. मला वाटते, उलट गोलकीपरलाच सारे मैदान समोर दिसत असते. बाकीच्यांची अर्ध्या वेळा त्याच्याकडे पाठ असते. तेथेही अंतिम सामना पाकिस्तानशीच झाला आणि भारताने तो १-० असा जिंकला. आशियाई स्पर्धेतले हॉकीचे ते आपले पहिले सुवर्णपदक. मेलबर्न १-०, टोकियो १-०, बँकॉक १-०. तिन्ही वेळा गोल करणाऱ्याचे नाव निराळे आणि शून्य राखणाऱ्याचे एकच. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

मला या तिन्ही सामन्यांचे तक्ते पाहायला मिळाले. त्यांत कोणी कितव्या मिनिटाला गोल केला याची नोंद आहे. किती अडवले, कसे अडवले, याचा रकानाच नाही. मी मामांना विचारले, "साहेबांनी एकूण किती गोल अडवले असतील हो?" मामा म्हणाले, "अगं, ते कोण मोजतंय?"

आणि मग १९६८. मेक्सिको ऑलिंपिकचा संघ निवडला गेला त्यात लक्ष्मण यांचे नाव नव्हते. तेव्हा ते पस्तीस वर्षांचे होते. निवडणाऱ्यांना तरुण गोलकीपर हवा असेल, त्यांचे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही. पण पद्मश्री मिळून एकच वर्ष झालेले, कर्णधार म्हणून सुवर्णपदक आणून दोनच वर्षे झालेली. त्या संघाला दोन संयुक्त कर्णधार नेमले होते, पृथीपालसिंग आणि गुरुबक्षसिंग. एका घरात दोन कारभारी, मग काय होणार? संघ ब्राँझपदक घेऊन परतला. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात भारत नाही, असे तोवर कधी घडले नव्हते.

लक्ष्मण यांनी त्यानंतर हॉकी सोडली ती कायमची. वर्तमानपत्रांतून भांडण नाही की तक्रारीचे पुस्तक नाही. पलटणीतली नोकरी चालू ठेवली आणि १९७९ मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टनच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन महूला परतले. बँडवाला पोरगा म्हणून आत गेलेला माणूस कॅप्टन होऊन बाहेर आला, ही गोष्टसुद्धा काही लहान नव्हे. मामांनी त्यांना पलटणीच्या एका कार्यक्रमात जवळून पाहिले होते. सडपातळ बांधा, बोलणे कमी. कोणी टोकियोचा विषय काढला की हसून दुसरे काही बोलू लागत, असे मामा सांगतात. मला हे वाचून आणि ऐकून वाईट वाटले ते एवढ्याचसाठी की हॉकी शिकवायला, पोरांना गोलात कसे उभे राहायचे ते दाखवायला, अशा माणसाचा उपयोग पुढची पंचवीस वर्षे करून घेता आला असता. रागावून सोडून जाणारा माणूस हट्टी असतो हे खरे, पण त्याला परत बोलवायला त्याच्या दारी जाणारेही कोणी असावे लागते.

शेवटचे दिवस वाईट गेले. पायाला गँगरीन झाले. पाय कापावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, पण लक्ष्मण त्याला तयार नव्हते, त्यांनी इतर उपचार करून पाहिले. याला कोणी अडाणीपणा म्हणेल. मी म्हणू शकत नाही. ज्या पायाने आयुष्यभर चेंडू अडवला तो पाय कापा, असे म्हणणे त्या माणसाच्या जिवाला कसे रुचणार? पैशांचीही ओढाताण होतीच. ते आजारी आहेत हे वर्तमानपत्रांत छापून आले तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला होता. २९ एप्रिल २००६ रोजी महू येथे त्यांचे निधन झाले. वय बहात्तर.

हे सारे मी मुलीला दोन-तीन रात्रींत मिळून सांगितले. शेवटचा भाग सांगावा की नाही, याचा मी विचार करत होते, पण मामा म्हणाले, सगळे सांग. तिने ऐकून घेतले. मग तिने मला तिच्या आवडत्या सविता पुनिया यांच्याविषयी सांगितले. त्या हरियानातील जोधकां गावच्या. टोकियोलाच २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियासारख्या संघाला उपांत्यपूर्व सामन्यात १-० असे हरवले, तेव्हा गोलात सविता होत्या, आणि पुढे त्या भारताच्या कर्णधार झाल्या. "बघ, तेच टोकियो आणि तेच एक-शून्य," असे तीच मला म्हणाली. तो सामना आमच्या घरी सर्वांनी दूरदर्शन संचापुढे बसून पाहिला होता. गोल गुरजित कौर यांनी केला हे मला आठवत होते. गोलात कोण होते, हे मात्र मुलीने सांगेपर्यंत मलाही आठवत नव्हते, हे कबूल करते.

मुलगी पुन्हा गोलात उभी राहू लागली आहे. मी आता सामन्याला जाते तेव्हा दुधाच्या हिशेबाची वही बरोबर नेते. तिने चेंडू अडवला की मागच्या कोऱ्या पानावर एक रेघ ओढते. पाच झाल्या की आडवी. संक्रांतीनंतरच्या सामन्यात त्या ०-२ अशा हरल्या. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा वही मागितली आणि रेघा मोजल्या. सतरा होत्या. मामा गावी परत गेले आहेत. रात्री त्यांना फोन करून तिने तो आकडा स्वतःच कळवला.